शाल एका इमारतीत, फाईल दुसऱ्या इमारतीत

नव्या प्राध्यापकांच्या उद्बोधन कार्यक्रमाचं निमंत्रण आलं की माझ्या कपाळाला अजून आठी पडते. कार्यक्रम वाईट असतो असं नाही. जेवण चांगलं असतं, पिशवी मिळते, वही-पेन मिळतं, कुलगुरू येऊन चार शब्द बोलून जातात. फक्त नव्या माणसाला पहिल्या महिन्यात जे कळायला हवं असतं, तेवढं सोडून बाकी सगळं तिथे सांगतात. पगार कधी सुरू होणार हा प्रश्न तर तिथे विचारायचाच नसतो. विचारलात की सगळे तुमच्याकडे वळून बघतात.

मी एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवते. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा, झाल्यावर बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढली, तीही दोन कॉलेजांत धावपळ करत. राज्य सरकारने २०२१ साली ज्या २,०८८ पदांच्या भरतीला परवानगी दिली, त्यातल्या एका जागेवर माझी निवड झाली. जाहिरात, मुलाखत, आदेश, रुजू अहवाल हे सगळं बिनबोभाट पार पडलं. शासकीय रुग्णालयातली वैद्यकीय तपासणी एका सकाळी उरकली. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं आणि प्राचार्य भाषणात म्हणाले, "आजपासून मॅडम आपल्या कुटुंबातल्या." कुटुंबातल्या माणसांना पगार देत नाहीत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आपल्याकडची साखळी अशी आहे. निवड समितीचा अहवाल आणि तुमची कागदपत्रं घेऊन कॉलेज विद्यापीठाकडे मान्यतेचा प्रस्ताव पाठवतं. विद्यापीठाचं मान्यतापत्र आलं की प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातो. तिथे वेतननिश्चिती होते, सेवार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीत नाव चढतं आणि मग पगार निघतो. वेतनाचा स्तर १०, मूळ वेतन ५७,७०० हे आकडे आदेशावर छापलेले असतात, पण मान्यतापत्र हातात येईपर्यंत ते नुसते वाचायचे.

माझं मान्यतापत्र येईना. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, "प्रस्ताव गेलाय मॅडम." गेलाय हे खरंच होतं. तो गेला होता आणि तिथेच होता. दिवाळी आली. नव्या नोकरीची पहिली दिवाळी म्हणून सासरी-माहेरी सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी अपेक्षा होती, आणि मी तासिकेच्या जुन्या थकलेल्या मानधनाची वाट बघत होते. निदान ते तरी यावं.

अशातच विद्यापीठाने नव्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवला. पहिल्या सत्रात गुणवत्ता संस्कृती, दुसऱ्या सत्रात नवं शैक्षणिक धोरण. वक्ते बोलत होते आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होते, कारण मान्यता विभाग तिथेच होता. जेवणाची सुट्टी झाली तशी मी गळ्यातला बिल्ला न काढताच रस्ता ओलांडला.

संबंधित टेबलवरच्या भाऊसाहेबांनी बिल्ला वाचला. "आज तुमचा स्वागत समारंभ ना? छान छान." मग कॉलेजचं नाव विचारून त्यांनी रजिस्टर उघडलं. "मॅडम, तुमच्या प्रस्तावाला त्रुटी निघालीय. कॉलेजला पत्र कधीच गेलंय."

त्रुटी काय, तर निवड समितीच्या अहवालाच्या एका पानावर एका विषयतज्ज्ञांची सही राहिली होती. बाकी सगळ्या पानांवर होती. उपस्थितीपत्रकावर होती, गुणपत्रकावर होती. एका पानावर नव्हती.

मला आधी हसूच आलं. मुलाखतीच्या दिवशी तो कागद माझ्या नजरेलाही पडला नव्हता, पडणं योग्यही नव्हतं. माझं एम. ए., माझी सेट, माझे तासिकेचे अनुभव-दाखले सगळं चोख होतं. आणि पगार अडला होता दुसऱ्या कुणाच्या तरी राहून गेलेल्या सहीवर. ते त्रुटीपत्र कॉलेजात कुठे होतं? आवक रजिस्टरला नोंद होऊन एका ट्रेमध्ये. मला कुणी सांगितलं नाही, कारण ते पत्र प्राचार्यांच्या नावे होतं, माझ्या नावे नव्हतं.

पुढचा फेरा आणखी मजेशीर. ते तज्ज्ञ निवृत्त झाले होते आणि मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले होते. फोनवर फार चांगले बोलले. "पाठवा, लगेच सही करतो." पण पाठवायचं काय? मूळ अहवाल विद्यापीठात. स्कॅन प्रतीवरची सही विद्यापीठाला चालत नाही. मूळ प्रत विद्यापीठ देतं, पण प्राचार्यांच्या पत्राशिवाय देत नाही. प्राचार्य पत्र द्यायला तयार, पण मूळ गोपनीय कागद कुरिअरने राज्याबाहेर पाठवायला तयार नाहीत, तो गहाळ झाला तर निवडच अडचणीत. यातलं एकेकाचं म्हणणं ऐकलं की पटायचं. सगळ्यांची म्हणणी एकत्र ठेवली की माझा पगार नाही, एवढंच उरायचं.

त्या काळात माझी चिडचिड इतकी झाली की स्टाफरूममध्ये कुणी "काय मॅडम, पार्टी कधी?" म्हटलं की मी उठून वर्गात जाऊन बसायची. ज्येष्ठ सहकारी समजूत घालायचे, "अहो, आमच्या वेळी तर वर्ष-वर्ष लागायचं." हे वाक्य कुणाही नव्या माणसाला म्हणू नका. त्याने काहीही होत नाही.

वाट काढली ती आमच्या हेडक्लार्कनी. त्यांनी माझ्या फाईलची झेरॉक्स टेबलावर पसरली आणि म्हणाले, "मॅडम, सही राहिलीय हे सिद्ध करायचं नाहीये. ते त्या दिवशी हजर होते आणि निवडीला त्यांची संमती होती, हे सिद्ध करायचंय." मग तज्ज्ञांचं स्वतःच्या सहीचं मूळ पत्र बंगळुरूहून मागवलं, समिती अध्यक्षांचं एक पत्र घेतलं, सोबत उपस्थितीपत्रक आणि गुणपत्रकाच्या साक्षांकित प्रती जोडल्या आणि 'त्रुटीपूर्तता' म्हणून प्रस्ताव पुन्हा गेला. या वेळी मी स्वतः सोबत गेले आणि आवक क्रमांक लिहून घेतला. टिपणी तयार झाली, साहेब मीटिंगला गेले, साहेब मीटिंगहून आले, सही झाली. मान्यतापत्र हातात आलं तेव्हा मी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये एकटीने दोन वडापाव खाल्ले. शाल-श्रीफळापेक्षा तो सत्कार मला जास्त लागला.

सहसंचालक कार्यालयाबद्दल लोक बरंच वाईट बोलतात. माझं काम तिथे झटकन झालं, तेव्हा मी गप्प.

आठवलं म्हणून सांगते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या प्रान क्रमांकाचा, म्हणजे त्यातल्या आपल्या कायमच्या खाते क्रमांकाचा, अर्ज रुजू झाल्याच्या आठवड्यातच भरून द्या, मान्यतेची वाट बघत बसू नका. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आधी अंशदायी योजना आणि मग हीच आली. मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के आपले कापले जातात आणि १४ टक्के सरकार भरतं. कपात पहिल्या पगारापासून नीट सुरू झाली तर पुढचा हिशोब सोपा जातो. नामनिर्देशनाचे कागदही तेव्हाच भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी राजपत्राची प्रत प्रत्येक संचासोबत लावावी, कुणी मागितली नसली तरी.

आता ज्याला खरं ओरिएंटेशन म्हणतात त्याबद्दल. जुनी मंडळी त्याला अजून 'ओसी' म्हणतात, पूर्वी ते अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजात व्हायचं. त्या केंद्रांची नावं बदलत गेली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. नवोदितांसाठीच्या कोर्सला आता फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम म्हणतात, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी 'गुरु दक्षता' नावाची मार्गदर्शिका काढली. मी तो ऑनलाइन केला, जवळपास महिनाभर. कॅमेरा सतत चालू, वर चाचण्या आणि असाइनमेंट. तरीही तो मला आवडला. प्रत्येकाने छोटा पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, हा भाग तर सोन्यासारखा. इतकी वर्षं शिकवत असूनही मी फळ्याकडे तोंड करून बोलते, हे मला एका रसायनशास्त्राच्या मुलाने सांगितलं.

हा कोर्स पुढे ढकलू नका. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार स्तर १० वरून ११ ला जाताना २१ दिवसांचं ओरिएंटेशन लागतंच. पीएच.डी. असेल तर चार वर्षांत, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षांत तुम्ही पात्र होता. कोर्स राहिला तर कामाची वर्षं भरूनही फाईल अडते. प्रवेश लवकर भरतात आणि प्राचार्यांचं ना हरकत पत्र लागतं, ते आधीच तयार ठेवा.

यंदा आमच्याकडे नवे सहकारी रुजू झाले तेव्हा प्राचार्यांनी स्वागताचं काम माझ्याकडे दिलं. मी मागूनच घेतलं होतं. भाषणं दोनच ठेवली. चहा झाल्यावर सगळ्यांना थेट ऑफिसात नेलं, कुठला कागद कोणत्या टेबलवर जातो ते प्रत्यक्ष दाखवलं, हेडक्लार्कना खुर्चीवर बसवून बोलायला लावलं. ते पहिल्यांदाच अशा कार्यक्रमात वक्ते होते, चष्मा पुसत पुसत तासभर बोलले. आणि त्रुटीपत्र कुणाच्याही नावे येवो, त्याची प्रत त्याच दिवशी संबंधित शिक्षकाला द्यायची, असं प्राचार्यांकडून लेखी काढून घेतलं. याचा मला रिसर्च पेपर छापून आल्यापेक्षा जास्त अभिमान आहे, हसायचं त्यांनी हसावं.

मधल्या काळाच्या फरकाचं, म्हणजे थकलेल्या पगाराचं, बिल मात्र पहिल्या पगारासोबत येईल असं धरून चालू नका. ते वेगळं सादर होतं, अनुदान आल्यावर निघतं, त्यासाठी वेगळा पाठपुरावा लागतो. आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या. ती मिळणं आपला हक्क आहे, पण न मागता कुणी आणून देत नाही. दरवर्षी ती मूळ प्रतीशी ताडून बघा, वेतनवाढीची नोंद आणि सही दोन्ही आहेत ना, ते आधी पाहा.