दुरुस्ती की रिडेव्हलपमेंट

आमचा कॉम्प्युटर गेले सहा महिने रोज सकाळी २०१३ सालात उठतो. म्हणजे तारीखच तशी दाखवतो, १ जानेवारी २०१३. रात्री बायको सवयीने भिंतीवरचं बटण बंद करते, आणि मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरचा, तो नाण्याएवढा सेल संपलाय, त्यामुळे रात्रभरात बिचारा सगळं विसरतो. मग बँकेची साईट उघडायला जावं तर ब्राउझर म्हणतो थांबा, यात धोका आहे, कारण त्याच्या हिशेबाने साईटचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय. मी रोज घड्याळ लावून देतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज वार कुठला ते सांगावं तसं.

बरं सेल चाळीस-पन्नास रुपयांचा. पण तेवढ्यासाठी कोण कॅबिनेट उघडणार, उघडायचंच तर सगळंच बघू, नाहीतर नवीनच घेऊ, असं करत करत सहा महिने गेले. आणि हे मला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, मग लक्षात आलं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये! मी भांडुपच्या एका चार मजली बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे. (हौसेने झालेलो नाही, त्या मीटिंगला उशिरा पोचलो होतो.) आमच्याकडे सात वर्षं एकच विषय चालू आहे, दुरुस्ती की रिडेव्हलपमेंट. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं म्हटलं की कोणीतरी उठतंच, अहो बिल्डर येणारच आहे, आता कशाला पैसे घालवता. बिल्डर काही येत नाही आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमधली बादली काही हलत नाही.

कॉम्प्युटरचं स्ट्रक्चरल ऑडिट मुलीने केलं. आय-थ्री प्रोसेसर, चौथी जनरेशन, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकायचा, चहा उकळून गाळून झाला की इकडे पासवर्ड मागतो. "बाबा, विंडोज ११ याच्यावर चालणारच नाही, त्याला आठवी जनरेशन लागते," इति कन्या. विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढे नाव नोंदवलं तर एक वर्ष वाढीव सुरक्षा अपडेट्स, म्हणजे भाडेकरूला ॲग्रीमेंट संपल्यावर अजून थोडे दिवस राहू देतात तसलं. मग म्हटलं फक्त प्रोसेसर बदलू. तर नवीन प्रोसेसर या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणजे मदरबोर्ड आला, आणि नव्या बोर्डात जुनी डीडीआर-थ्री रॅम बसत नाही कारण तिची खाचच वेगळ्या जागी आहे, म्हणजे रॅम पण आली, आणि रॅमचे भाव एआयवाल्या डेटा सेंटरांपायी भलतेच चढलेत. शेवटी जुन्यातलं काय उरतं तर पत्र्याचा डबा. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, पाडकामच ते.

शेवटी एका शनिवारी डबा पिशवीत घालून निघालो. दादरला गाडी बदलली, गर्दीत तो पोटाशी धरून उभा, एकाने तर विचारलं, काका, मिक्सर आहे का? ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग केलंय पण १९०७ ला परत गेलेला गव्हर्नर लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही जात नाही.

दुकानातल्या पोराने कॅबिनेट उघडलं आणि आत बघून आधी जरा मागे सरला. पंख्यावर धुळीची अक्षरशः गादी, एक झुरळ (मयत), आणि मुलीचं चौथीतलं एक स्टिकर, ते आत कसं गेलं देव जाणे. त्याने ब्लोअर मारला, रॅमची पट्टी काढली, खिशातून खोडरबर काढून तिच्या सोनेरी दातांवर घासला, शाळेतल्यासारखी फुंकर मारली, परत बसवली. मुंबईच्या दमट हवेत हे दात काळवंडतात म्हणे. मग म्हणाला, "अंकल, नया सेल डालो, एसएसडी डालो, दो-तीन साल आराम से निकलेगा." (एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क.) मी विचारलं, आणि नवीन घेतला तर? त्याने माझ्याकडे नीट बघून विचारलं, "करते क्या हो इसपे?"

काय करतो? सोसायटीच्या नोटिसा टाईप करतो. लाईट बिल भरतो. जुने फोटो बघतो. एवढ्यासाठी साठ हजारांचा नवीन मागताना मला माझीच लाज वाटली, खरं सांगतो, त्याच्या त्या एका प्रश्नाने सात वर्षांच्या आमच्या मीटिंगा वाचल्या असत्या.

एसएसडी टाकली, सेल टाकला. जुनी डिस्क "फेंक दूं?" म्हणाला तर मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. आता बटण दाबून किचनपर्यंत पोचायच्या आत मशीन तयार असतं, तारीखही आजची. चहा मागे पडायला लागला.

पहिलंच काम, रविवारच्या मीटिंगची नोटीस. विषय क्रमांक १, अर्थातच. पण नवीन डिस्कवर विंडोज नव्याने टाकल्यामुळे प्रिंटर ओळखच देईना. ड्रायव्हरची सीडी माळ्यावर सापडली, तर सीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर येईना. पुढे एक बारीक भोक असतं, त्यात सरळ केलेली यू-पिन खुपसली की ट्रे सुटतो. सध्या यू-पिन शोधतोय.