समुद्राने जोडलेली काउंटी, रस्त्यांनी तोडलेली

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ब्यूट बेटाच्या दक्षिण टोकावरून शेजारच्या ॲरन बेटाचे डोंगर इतके जवळ दिसतात, की वाटतं एखादी होडी केली तर जेवायच्या वेळेपर्यंत तिकडे! पण थेट नियमित बोट नाही. रॉथसेहून फेरीने वीम्स बेला यायचं, मुख्य भूमीचा किनारा धरून एअरशरला जायचं, तिथून दुसऱ्या फेरीने ॲरनच्या ब्रॉडिकला. अर्धा दिवस सहज मोडतो.

आणि ही दोन्ही बेटं १९७५ पर्यंत एकाच काउंटीत, म्हणजे आपल्या हिशेबाने एकाच जिल्ह्यात होती. तिचं नाव ब्यूटशर. ब्यूट, ॲरन, कंब्रेची जोडी, होली आयल, इंचमारनॉक... सगळी बेटंच. मुख्य भूमीवर इंचभर जागा नाही. ॲरन सुमारे ४३२ चौरस किलोमीटर, ब्यूट जेमतेम १२२. तरी मुख्यालय ब्यूटवरच्या रॉथसेला. ॲरनवाल्यांनी बोटं मोडली असतील, असा माझा अंदाज! गाड्यांनाही काउंटीची स्वतःची अक्षरं होती, ‘एसजे’. आपल्या एमएच ०८ सारखी.

त्याआधीचा कारभार तर आणखी गमतीचा. १८३२ पर्यंत ब्यूटशर आणि पार उत्तर टोकाचं केथनेस यांच्यात मिळून एकच खासदार. एका संसदेत यांचा, पुढच्या संसदेत त्यांचा. ज्याची पाळी नाही, त्याने गप्प बसायचं.

ही बेटं ज्या खाडीत आहेत, त्या क्लाइडच्या खाडीभर स्टीमर फिरत होते तेव्हा पाणी हाच रस्ता होता, म्हणून ही मांडणी पटते. पुढे रेल्वे आणि मोटारी आल्या. प्रत्येक बेटाचं तोंड आपापल्या समोरच्या धक्क्याकडे वळलं आणि बेटांचा आपसातला संबंध आटला. १९७५च्या फेररचनेत ब्यूट गेलं मुख्य भूमीवरच्या आर्गाइलकडे, ॲरन आणि कंब्रे एअरशरच्या बाजूला. आज त्या दोघांचा कारभार नॉर्थ एअरशर कौन्सिल बघते. नकाशा पाहिला तर वाटणी चुकीची म्हणवत नाही. ब्यूटचं उत्तर टोक आर्गाइलपासून इतकं जवळ, की पूर्वी गुरं पोहून पलीकडे नेत. आता तिथली फेरी पाचेक मिनिटांत पोचते.

जमिनीच्या दप्तरात मात्र जुनी काउंटी शाबूत आहे. ॲरनवर आज घर घेतलंत, तरी नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘बीयूटी’नेच होते.