न्यूयॉर्कच्या काचेमागचं ४० टन प्रवाळ

घरून कोणी आलं की अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीची फेरी ठरलेली, आणि सगळे त्या लटकवलेल्या ब्ल्यू व्हेलखाली आडवे पडून फोटो काढणार. या वेळी आत्येबहिणीच्या पोराने मात्र त्याच हॉलमधल्या प्रवाळाच्या देखाव्यापुढे फतकल मारली. "मावशी, हे प्लास्टिकचंय ना?" शेजारच्या वॉलंटियर आजींना तेवढा एकच शब्द कळला असावा, त्या ठसक्यात म्हणाल्या, नो, रिअल!

मग मी रात्री वाचत बसले. रॉय वॉल्डो मायनर नावाच्या क्युरेटरने १९२०च्या दशकात बहामाजच्या अँड्रॉस बेटाजवळून ४० टन प्रवाळ उपसून आणलं आणि देखावा खुला झाला १९३५ला. काय चिकाटी पण! बार्जमधून खाली सोडलेल्या लोखंडी नळीच्या टोकाला काच लावलेली खोली, तिच्यात बसून समुद्राच्या पोटात स्केचेस आणि फोटो, हेल्मेट चढवून डायव्हिंग वेगळंच. आणि प्रवाळ बाहेर काढलं की मरतं, रंग जातो, पांढराफटक सांगाडा उरतो, म्हणजे खरं आणूनही सगळं पुन्हा मेण लावून रंगवायचंच, ते अख्खं वजन पेलायला आत पोलादी सांगाडा, आणि देखावा दोन मजली. वरून बेट आणि आभाळ दिसतं, खाली उतरलं की तोच समुद्र आतून. मी तासभर तिथेच होते, बाकीची मंडळी कॅफेत.

पण चीड पण आली, खरंच. रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, दाखवायला रीफच तोडायचा? आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळाला वाघाच्याच शेड्यूलमध्ये, म्हणजे यादीत, संरक्षण आहे, तारकर्लीला स्कूबा करताना गाइड प्रवाळाला हातसुद्धा लावू देत नाही. कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीचं प्रवाळ २०२०मध्ये उचलून कुलाब्याकडे नेऊन लावलं. (रस्त्यासाठीच हलवलं म्हणा, पण परवानगी काढून, जिवंत ठेवायला हलवलं.)

नवरा म्हणतो, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचे कायदे कशाला लावतेस. त्याचंही खरंय. त्या देखाव्यातलं सांबरशिंगांसारखं एल्कहॉर्न आता कॅरिबियनमध्येच दुर्मिळ झालंय, त्यामुळे पोराला ते एवढं मोठं कुठे दाखवणार होते मी?

मेंबरशिप रिन्यू केलीय. मे महिन्यात सासरचे येतायत आणि पाव्हण्यांची तिकिटं सुटी काढणं परवडत नाही.