वायर जोडली तर तेवीस, काढली तर त्रेचाळीस

नेरूळमध्ये पदपथावरून चालणाऱ्या एका आजोबांना विजेवरच्या स्कूटरने मागून धडक दिली, त्यात त्यांचे मनगट मोडले, आणि पोलिसांनी ती गाडी तपासणीसाठी माझ्याकडे पाठवली. मी मोटार वाहन निरीक्षक आहे. वायुवेग पथकात, म्हणजे रस्त्यावर फिरून गाड्या तपासणाऱ्या पथकात, काम केल्यामुळे नंबरप्लेट नसलेल्या गाड्या मला नवीन नव्हत्या.

हवालदारांची अडचण खरी होती. "साहेब, गाडीला नंबरच नाही, मग मोटार वाहन कायदा लागतो का?" केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार जिच्या मोटरची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा (२५० वॅटपेक्षा) कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत आहे, अशी प्रमाणित दुचाकी मोटार वाहन ठरतच नाही; तिला ना नोंदणी लागते, ना विमा, ना लायसन्स. ती स्कूटर चालवणारा मुलगा घरोघरी पार्सल पोहोचवायचा; त्याने गाडीचे बिल पुढे केले. त्यावर २५० वॅट असे छापले होते. (नियमाला पाव किलोवॉटपेक्षा कमी हवे, हे छापणाऱ्याच्या गावीही नसावे.)

सीट उचलून पाहिले, तर कंट्रोलरमधून निघालेल्या वेगमर्यादेच्या वायरची जोडणी सोडवून टोके टेपने गुंडाळली होती. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून घेतली, तेव्हा स्पीडगनने ४३ दाखवले. टोके जोडल्यावर २३. मुलगा ओशाळून म्हणाला, "दुकानदारानंच काढून दिली, सर. म्हणाला, उड्डाणपुलावर चढणार नाही."

बेदरकारपणाबद्दल पोलिसांना भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ होतेच, कारण त्यात कोणतेही वाहन येते. प्रश्न माझ्या अहवालाचा होता. ती मोटार वाहन आहे, असे मी लिहिले, तशी पडताळणीही जोडली, आणि दुकानाबद्दल स्वतंत्र पत्र पाठवले; एका दुकानाला पत्र पाठवून वायर काढण्याचा हा धंदा थांबेल, असा माझा भ्रम नाही.

आठवड्याने हाताला प्लास्टर घातलेले आजोबा कार्यालयात आले. माझ्या अहवालामुळे त्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट मोकळी झाली होती. अर्ज टेबलावर ठेवून त्यांनी वाहन क्रमांक आणि विमा कंपनी या दोन चौकटींवर बोट ठेवले व विचारले, "इथे काय लिहू?" नोंदणी नाही, विमा नाही, असे लिहायला मी सांगितले. "म्हणजे पैसे त्या पोराकडूनच?" मी होय म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला आणि पेनाचे टोपण पुन्हा लावले.