झडपा नेमक्या कोणाला अडवतात?

पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसला, रक्त शरीरात गोल फिरतं हे दाखवून देणारा इंग्रज वैद्य विल्यम हार्वी याचा हाताचा प्रयोग बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत उरकतात, कारण त्याला मार्क नाहीत. परवाच्या बॅचमध्ये तो तासभर लांबला.

यासाठी शिरा ठळक दिसणारा मुलगा लागतो. रक्तदाब मोजायचा कफ (फुगवायचा पट्टा) दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. त्याचा वरचा दाब 118, म्हणून कफ 160 पर्यंत. फसतं ते फुगवताना. फुगा हळूहळू दाबला तर मधल्या टप्प्यात शिरा बंद आणि रोहिणी चालू राहते. रक्त आत येतच राहतं आणि 160 गाठेपर्यंत हात जांभळा झालेला असतो. झटक्यात फुगवलं तर मनगटाची नाडी जाते, पंजा फिका पडतो, शिरा सपाट. मग 60 वर आणायचं. नाडी परत येते, पंजा लालबुंद होतो, बघता बघता शिरा टम्म. आत येणं रोहिणीतून, बाहेर जाणं शिरांतून. 1628 मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या पुस्तकात हार्वीने घट्ट आणि मध्यम अशा दोन आवळपट्ट्यांनी हेच दाखवलं. गंमत म्हणजे शीर तोडून रक्त काढणारे ती मध्यम पट्टी पिढ्यानपिढ्या बांधत आले होते, तीही कापाच्या वरच्या बाजूला!

पुढे शिरांच्या आतल्या झडपा. फुगलेल्या शिरेवर जिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो, तिथे झडप. फुगलेल्या शिरेवर मनगटाकडे एक बोट दाबून ठेवायचं, दुसऱ्याने कोपराकडे निपटत गाठीपलीकडे जायचं आणि ते दुसरं बोट उचलायचं. गाठीपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो. इथे एकजण म्हणाला, "मॅडम, रक्त वजनाने खाली उतरू नये म्हणूनच ना झडपा?"

हे जवळपास फॅब्रिशियसचंच उत्तर, 1603 चं. पादुआत हार्वी ज्याच्या हाताखाली शिकला, तो हा. रक्त यकृतातून शिरांवाटे हातापायांकडे जातं, असं प्राचीन ग्रीक वैद्य गेलनपासून चालत आलेलं; झडपा तो लोंढा थोपवतात, असं त्याने ठरवलं. झडपांची चित्रं त्याची उत्तम आहेत, इतकी की हार्वीने आपल्या पुस्तकातला हात त्यांवरूनच बेतला. हार्वीचा प्रतिवाद मानेचा होता: मानेच्या शिरेतली झडप वर जाणारं रक्त अडवते, तिथे वजनाचा प्रश्न कुठे येतो?

मान दाबून दाखवणं बरं नव्हे. म्हणून त्या मुलाला टेबलावर उताणं झोपवलं, हात छताकडे सरळ, कफ 60 वरच. शिरा भरायला थोडा वेळ लागला. मनगट वर, कोपर खाली. तेच दाबणं, तेच निपटणं. कफखाली तुंबलेलं रक्त आता वर चढू पाहत होतं आणि झडपेने तेही अडवलं. हाताची दिशा उलटली, झडपेची नाही: तिचं तोंड हृदयाकडेच.

तरी प्रश्न विचारणाऱ्याला चूक म्हणवत नाही. स्तब्ध उभं असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब 90 च्या आसपास असतो. चालायला लागलं की पोटरी आणि झडपा मिळून तो 30 च्या खाली आणतात. पाठ्यपुस्तकं पायापासून सुरुवात करतात, म्हणून मुलांच्या डोक्यात वजनच बसतं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे उत्तर आलं असतं तर परीक्षकाने मान डोलावून पुढचा नंबर पुकारला असता. पुढच्या बॅचला आधी झोपवूनच प्रयोग करायचा विचार आहे. फक्त टेबल एकच आहे आणि दुसरं मागितलं की स्टोअरवाले मागणीपत्र पुन्हा भरायला सांगतात.