मिळून आला नाही

४० शिलिंगांच्या एका थकबाकीच्या दाव्याचे पुढे काय झाले, एवढेच मला शोधायचे होते. त्यासाठी माझा इंग्लंडमधला पाच महिन्यांचा मुक्काम जवळजवळ सगळा खर्ची पडला, आणि आज हे लिहायला बसले असतानाही पंधराव्या शतकातील एका शेरीफावरचा, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यावरचा, माझा राग पुरता ओसरलेला नाही. मी स्वतः दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत ३१ वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे दाव्याला तारखा का पडतात हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही कुणा अनोळखी गिरणीवाल्याच्या तारखा मोजताना मी जितकी चिडले, तितकी नोकरीत असताना कधी चिडल्याचे आठवत नाही.

मुलगा राहतो त्या गावात एक स्थानिक इतिहास मंडळ आहे आणि गावच्या जुन्या पाणगिरणीवर त्यांना एक छोटी पुस्तिका काढायची होती. त्यांच्या कागदांत कोणा दिवंगत सभासदाच्या हातची एक चिठ्ठी होती: ‘कॉमन प्लीज, हिलरी सत्र १४५२, गिरणीवाल्यावर लंडनच्या कापडविक्याचा दावा, ४० शिलिंग’. पुढे काहीच नव्हते. मी न्यायालयात काम केलेले आहे हे कळताच ती चिठ्ठी माझ्या हाती आली, आणि मीही मोठ्या ऐटीत दोन आठवड्यांत सांगते म्हणाले. रकमेचा आकडा पाहून मला तेव्हाच गंमत वाटली होती, कारण ४० शिलिंगांहून कमी रकमेचे दावे राजाच्या न्यायालयात सहसा चालत नसत, ते स्थानिक न्यायालयांकडे जात. दाव्याचे मूल्यांकन सोयीच्या न्यायालयाच्या हद्दीत बेताने बसवणारे वकील मी आमच्याकडेही पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा हा आकडा बरोबर ४० वरच का थांबला असावा, याविषयीचा माझा संशय मी मनात ठेवला.

कॉमन प्लीज हे माणसामाणसांतील दिवाणी दाव्यांचे राजाचे न्यायालय लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या दालनात बसत असे. असे दावे राजाच्या मागे गावोगाव फिरणार नाहीत, एका ठरलेल्या जागी चालतील, हे १२१५ च्या मॅग्ना कार्टातच लिहिलेले आहे. वर्षाला चार सत्रे असत, मायकेलमस, हिलरी, ईस्टर आणि ट्रिनिटी, आणि प्रत्येक सत्राचे स्वतंत्र दप्तर होई. चॅन्सरीची, म्हणजे राजाच्या महामुद्रेच्या कचेरीची, दप्तरे चामड्याचा एक ताव दुसऱ्याच्या शेपटीला शिवून सलग लांब गुंडाळी केलेली असतात. न्यायालयाची दप्तरे तशी नसून त्यांत काही शे लांबट ताव एकावर एक ठेवून फक्त डोक्याकडे शिवलेले असतात, आणि प्रत्येक ताव दोन्ही बाजूंनी भरलेला असतो. ही दप्तरे आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांची छायाचित्रे अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाशी संबंधित एका प्रकल्पाने कोणालाही फुकट पाहता येतील अशी इंटरनेटवर ठेवली आहेत. म्हणजे सुरुवातीचे सारे काम मुलाच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून होण्यासारखे होते.

फक्त सूची नाही. निदान माझ्या सत्राची तरी नव्हती. समासात परगण्याचे नाव असते, तेवढाच आधार. म्हणून एक गोष्ट मला फार उशिरा सुचली ती आधीच सांगून ठेवते: मजकूर वाचायच्या भानगडीत पडू नये, आधी नुसता समास वाचत जावे, आपला परगणा दिसला की थांबावे. दुसरे असे की १४१३ च्या एका कायद्यामुळे अशा दाव्यांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे भाग होते. नावांची वर्णाक्षरे बेभरवशाची असतात, एकच आडनाव एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, परंतु ‘अमुक गावचा गिरणीवाला’ हे शब्द डोळ्यांना लवकर सापडतात.

भाषेची मात्र जितकी भीती घालतात तितकी ती बाळगू नये. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असे १३६२ च्या कायद्याने ठरवले, पण नोंद लॅटिनमध्येच राहिली आणि ती थेट १७३३ पर्यंत राहिली. ही लॅटिन अर्धी गिळलेली असते, शब्दांची शेपटे कापून वर एक आडवी रेघ मारलेली असते, आणि एम, एन, यू, आय ही अक्षरे म्हणजे सारख्याच उभ्या काड्या. परंतु मी पूर्वी जमिनीच्या जुन्या कागदांसाठी मोडी शिकले होते, आणि मोडी वाचणाऱ्याला ठाऊक असते की अक्षर लागत नाही तेव्हा वाक्य काय असणार याचा अंदाज लावून मागे यायचे. न्यायालयीन वाक्ये तर ठरलेलीच असतात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मला ती नोंद नव्हे, तरी नोंदीचा साचा पाठ झाला होता.

आणि तरीही गिरणीवाला सापडेना. हिलरी १४५२ चे दप्तर मी पहिल्या तावापासून शेवटच्या तावाच्या पाठीपर्यंत पाहिले. मग पुन्हा पाहिले. तीन आठवडे रोज दुपारी सून कामावर गेली की मी तीच चामडी उलटत बसत असे, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या दिवंगत गृहस्थांविषयी माझ्या मनात बरे विचार येत नसत.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. तत्कालीन इंग्लंडमध्ये वर्ष १ जानेवारीला पालटत नसे, २५ मार्चला पालटत असे. हिलरी सत्र जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्यामुळे त्या काळच्या माणसाने १४५२ म्हटलेला जानेवारी आपल्या हिशेबाने १४५३ चा असतो, आणि त्या गृहस्थांनी जुन्याच पद्धतीने लिहिले होते. खुद्द दप्तरावर तर हे आकडे नसतातच, तेथे राजाचे राज्यवर्ष असते. सहाव्या हेन्रीचे राज्यवर्ष १ सप्टेंबरला सुरू होई, कारण त्याचा बाप १४२२ च्या ३१ ऑगस्टला वारला. चौथ्या एडवर्डचे ४ मार्चला, आणि दुसऱ्या रिचर्डचे २२ जूनला. म्हणजे माझे सत्र हेन्रीच्या तिसाव्या वर्षाचे नसून एकतिसाव्या वर्षाचे होते. ज्यांनी राज्याभिषेक शक, शुहूर सन आणि फसली यांची कोष्टके मांडीवर घेऊन पेशवाईतले कागद पाहिले आहेत, त्यांना माझे हे अज्ञान लाजिरवाणे वाटेल, आणि मलाही वाटले. राज्यवर्षांचा तक्ता एका कागदावर लिहून तो भिंतीला चिकटवल्याशिवाय एकही ताव उघडू नये.

योग्य दप्तरात तो दोन दिवसांत सापडला. नोंद साडेचार ओळींची होती: वादी आपल्या मुखत्यारामार्फत चौथ्या दिवशी हजर, प्रतिवादीने ४० शिलिंग देणे असून ते अन्यायाने अडकवून ठेवले आहेत, प्रतिवादी आला नाही, शेरीफाला त्यास पकडण्याचा हुकूम होता, शेरीफ कळवतो, ‘नॉन एस्त इन्व्हेन्तुस’. मिळून आला नाही. बेलिफाच्या अहवालात हेच तीन शब्द मी हजारो वेळा वाचले आहेत आणि रोजनाम्यात उतरवले आहेत. स्वयंपाकघरात एकटीच बसून मी मोठ्याने हसले. येथवर सगळे ठीक होते.

खरा छळ पुढे सुरू झाला. न्यायालयाने पुन्हा रिट, म्हणजे शेरीफाला लेखी हुकूम, काढले आणि पुढची तारीख दिली. तारखाही सणांवरून: संत हिलरीचा सण १३ जानेवारीला, म्हणून त्याची अष्टमी, सणाचा दिवस धरून, २० जानेवारी, मग ईस्टरपासून पंधरवडा, मायकेलमसपासून महिना, ऑल सोल्सचा दुसरा दिवस. ईस्टर बदलता, म्हणून त्या वर्षीचा ईस्टर कधी होता ते आधी पाहायचे. ते पाहून ईस्टर सत्राचे दप्तर उघडले, चार दिवस समास वाचला, आपला परगणा, आपला गिरणीवाला, आणि शेवटी: ‘शेरीफाने रिट पाठवले नाही’. एवढेच. प्रतिवादी सापडला की नाही, शेरीफ त्याच्या दारात गेला की नाही, काही नाही. रिट परतच आले नाही, सबब पुन्हा रिट. ट्रिनिटीचे दप्तर पाच दिवस वाचले: शेरीफाने रिट पाठवले नाही. मायकेलमस, सहा दिवस, कारण हे सत्र लांब आणि दप्तर जाड: शेरीफ कळवतो की रिट इतक्या उशिरा पोचले की त्याची बजावणी करता आली नाही.

हा शेरीफ राजाने दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास परगण्यावर नेमलेला एखादा जमीनदार असे. वर्ष संपले की तो मोकळा. मुंबईच्या वाचकाला शेरीफ म्हटले की समारंभात बोलणारे नगरपाल आठवतील, पण मूळ काम हेच, न्यायालयाचे हुकूम बजावायचे. राजाच्या कारभाराची सारी शिस्त, वेस्टमिन्स्टरमधील ते सुरेख अक्षर, ठरावीक वाक्ये, कडेकोट नोंदी, हे सारे शेवटी या एका माणसाच्या मर्जीवर येऊन थांबत होते. त्याने हात हलवला नाही की न्यायालयाचा कारकून तितक्याच सुवाच्य अक्षरात ‘हात हलवला नाही’ असे लिहून ठेवी, आणि दावा पुढच्या सत्रात. त्या कारकुनावर मला रागावता येईना, कारण मी त्याच्याच जातकुळीची. शेरीफाला वादीकडून दिरंगाईबद्दल काही ऐकावे लागले का, गिरणीवाल्याकडून पिठाची गोणी पोचली का, हे दप्तर सांगत नाही. मला मात्र त्या गोणीविषयी तिळमात्र शंका नाही, अर्थात हे माझे मत.

आणि गंमत पाहा. १४५३ च्या ऑगस्टमध्ये राजा हेन्री भ्रमिष्ट झाला, तो दीड वर्षाच्या आसपास कोणाला ओळखत नव्हता. जुलैत फ्रान्समध्ये कास्तियोंच्या लढाईत इंग्रजांनी शंभर वर्षांचे युद्ध घालवले होते. राजाला आपले नाव सांगता येत नव्हते अशा त्या शरदात माझ्या दप्तरात राजाच्या नावाने रिटे निघत होती, त्यांवर मुख्य न्यायाधीश जॉन प्रिसॉट याची साक्ष, आणि शेरीफ ती बजावत नव्हता. दप्तरात कुठेही एक अक्षर हलले नाही.

१४५४ च्या हिलरीत नवा शेरीफ आला होता आणि त्याने निदान उत्तर पाठवले: मिळून आला नाही. त्यावर न्यायालयाने शेवटचा हुकूम काढला. प्रतिवादीचा परगण्याच्या ओळीने पाच सभांत पुकारा करायचा, पाचव्या सभेपर्यंत तो आला नाही तर त्याला कायद्याबाहेरचा ठरवायचे. बहुतेक परगण्यांत ही सभा चार आठवड्यांनी भरे. कायद्याबाहेर गेलेल्याची चीजवस्तू राजाची आणि त्याला कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नसे. हे वाचून मी पुढची तीन सत्रे चाळली. गिरणीवाला कुठेच नाही. माझ्या परतीच्या विमानाला तोवर १९ दिवस उरले होते.

तेव्हा मंडळातील एका बाईंनी चहा घेता घेता सहज विचारले, पेटंट रोल्सच्या छापील सारांशांत पाहिलेत का? राजाच्या महामुद्रेने निघालेल्या उघड्या पत्रांची ही दप्तरे, आणि त्यांचे इंग्रजी सारांश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सूचीसह छापलेले आहेत. मी पाहिले नव्हते, कारण ती चॅन्सरीची दप्तरे आणि माझा दावा कॉमन प्लीजचा. दाव्याची फाइल एका विभागात असताना दुसऱ्या विभागात कोण जाते? परंतु कायद्याबाहेर गेलेल्याला परत यायचे तर राजाची माफी लागे, आणि माफी चॅन्सरीतून निघे. ग्रंथालयात खंड काढला, मागची सूची उघडली, गावाचे नाव पाहिले. तीन मिनिटे लागली. गिरणीवाला, लंडनच्या कापडविक्याच्या ४० शिलिंगांच्या दाव्यात न आल्याबद्दल कायद्याबाहेर ठरलेला, आता लंडनच्या फ्लीट तुरुंगात स्वतः हजर झालेला, मुख्य न्यायाधीशांच्या दाखल्यावरून माफी. म्हणून ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांनी छापील सूचीपासून सुरुवात करावी आणि चामड्याकडे शेवटी जावे. मी उलट गेले.

आता हरवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून शेवटच्या आठवड्यात क्यूला जाऊन मूळ दप्तर पाहिले. ओळखपत्रे दाखवून वाचकपत्र मिळते, पेन बाहेर ठेवावे लागते, पेन्सिल चालते, आणि मोठ्या दस्तऐवजांच्या दालनात ते अवजड दप्तर समोर ठेवतात. पडद्यावर न दिसलेली एक गोष्ट तेथे दिसली. १४५३ च्या त्या पहिल्या नोंदीखाली कारकुनाने दोन बोटे जागा कोरी सोडली आहे. मीही रोजनाम्यात अशी जागा सोडत असे, पुढे निकाल लिहायचा असतो म्हणून. चामडे तेथे गुळगुळीत आहे, खरवडलेले नाही, कधी काही लिहिलेच गेले नाही. माफी मिळाली, पण ४० शिलिंग फिटले की नाही, ते कोणत्याच दप्तरात नाही. मंडळाच्या पुस्तिकेसाठी मी माफीपर्यंतचा मजकूर लिहून दिला आणि पैशांच्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. छापताना ते त्यांनी काढून टाकले आहे.