तुम्ही विचारलंत म्हणून: राणीबागेतलं म्युझियम

'मावशी, मुंबईत आलीस की पेंग्विन सोडून त्या म्युझियममध्येच का जातेस? आणि एवढं देखणं झालंय, तरी तिथून गप्प होऊन का बाहेर पडतेस?' दरवेळी विचारता, दरवेळी मी विषय बदलते. आज सांगते.

आमच्या वेळी भाऊ दाजी लाड संग्रहालय कोंदट होतं. काचांवर धूळ, आत पगड्या घातलेली मातीची इवली माणसं, आणि पारशी लोक मृतदेह ठेवतात त्या दोखम्याची प्रतिकृती. तिच्याजवळून मी बाबांचा हात घट्ट धरूनच जायची. बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पाळी संपवून आले तरी रविवारी आम्हाला न्यायचे.

१९८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मग रविवार कशाला, कधीही जायचो. घरात बसवत नव्हतं त्यांना.

त्या दुपारी आत गेलोच नाही. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे ना, तिथे थांबलो. त्याची गोष्ट मला पाठ होती: १८६४मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, १९१४मध्ये ते पुन्हा जोडले. बाबा सांध्यावरून अंगठा फिरवत होते, कापडात गाठ लागते का बघावं तसा. साच्यावर सुताची तुटलेली तार जोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हात न काढता म्हणाले, "परवा गावाला जायचं. सगळं सामान घेऊन." मी विचारलं, शाळा? ते म्हणाले, "तिथं पण शाळा आहे." हत्तीकडेच बघत बोलले. माझ्याकडे एकदाही नाही.

संप कधी मिटलाच नाही. आम्हीही परतलो नाही.

२००८मध्ये म्युझियम नूतनीकरण होऊन उघडलं, तेव्हा मी तावातावाने म्हणायची की आमचं म्युझियम पुसून टाकलं. आता तसं म्हणवत नाही. ती धूळ काही आमची नव्हती, छत गळू द्यायला हवं होतं असंही नाही. काम उत्तमच झालंय. पण सोनेरी नक्षीखाली उभं राहिलं की वाटतं, इमारतीला एवढं जपणारे भेटले. साचेखात्यातल्या माणसांना कोण भेटलं? ही तुलना अन्यायाची आहे, माहीत आहे मला. तरी मनातून जात नाही.

बाबांना हे नवं रूप आवडलं असतं का, यावर माझं नि तुमच्या मामाचं अजून पटत नाही. तो म्हणतो, ते आधी बिडाचे खांब ठोकून बघते. मला वाटतं, ते आत आलेच नसते.